काठ कुठे जाणार, ते आधी ठरवा

माझ्याकडे साडी कापून घ्यायला येणाऱ्या बायका आधी त्या साडीचीच माफी मागतात. बोलून नाही, पण पिशवीतून साडी काढताना उगाच तिच्यावरून हात फिरवतात, घडी सारखी करतात आणि मग म्हणतात, "आईची आहे हो. पण आता कोण नेसतंय?" मी चहा टाकते. कात्री त्या वेळी टेबलावर नसते. मुद्दाम आतल्या खोलीत ठेवलेली असते, कारण समोर कात्री दिसली की बाई तरी रडते नाहीतर घाईघाईने "कापून टाका" म्हणते, आणि दोन्हींतून चांगला कपडा निघत नाही.

ठाण्यात चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीत, मागच्या खोलीत खिडकीला लागून माझं मशीन आहे. बँकेतली नोकरी सोडल्यावर हे काम सुरू केलं. जुन्या रेशमी साड्यांचे कुर्ते, जाकिटं, परकर, बटवे. साधी शिलाई मी करते, जाकिटांची कटिंग जांभळी नाक्याकडचे एक मास्तर करतात. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे, तरी मला "ताई" म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत.

आता मुद्द्याचं. मोबाईलवर हल्ली जे दिसतं ना, धडधाकट कांजीवरम घ्यायची, कचाकच चौकोन कापायचे आणि गोधडीसारखं जाकीट शिवायचं, ते मला बघवत नाही. नेसता येते ती साडी कापू नये. ज्या साडीचा पदर फाटलाय, जिच्या निऱ्यांच्या जागी चिरा पडल्यात, जिच्यावर भाजीचा डाग कायमचा बसलाय, ती कापावी. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणींना मी साडी परत देते आणि म्हणते, फॉल बदला, पिको करा, ब्लाऊज नवा शिवा आणि नेसा. धंदा म्हणून हे फारसं शहाणपणाचं नाही, असं आमच्या घरात अधूनमधून ऐकवलं जातं.

साडी आली की पहिल्यांदा ती खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरायची. रेशीम सहसा घडीवर तुटतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेल्या साडीवर त्या रेषेत बारीक बारीक उजेड दिसायला लागतो. त्यात आपल्या ठाण्याचा पावसाळा. कपाट बाहेरच्या भिंतीला लावलेलं असलं की ओल धरते, मग तपकिरी ठिपके येतात. हँगरला टांगलेल्या साडीचं दुखणं वेगळंच. जरीच्या काठाचं सगळं वजन त्या एका रेषेवर लटकतं. शिवाय घाम आहे, ऊन आहे. उन्हात वाळवलेलं रेशीम वरून ठीक दिसतं आणि हाताला कोरडं लागतं. फार जुन्या साड्यांमध्ये आणखी एक भानगड असू शकते. कोषातून काढलेल्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की वजन जवळपास पाव हिश्श्याने घटतं. ही तूट भरून काढायला रेशमावर धातूंचे क्षार चढवायची जुनी रीत होती. असं रेशीम छान जड पडतं, पण पुढे काचेसारखं तडकतं.

उजेडानंतर अंगठ्यांची परीक्षा. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकं ताणायचं, आधी उभ्या धाग्यांच्या दिशेने, मग आडव्या. एका दिशेने टिकलं आणि दुसऱ्या दिशेने चर्र झालं, तरी काम होतं, फक्त कापड कसं फिरवायचं ते ठरतं. दोन्हीकडे चर्र झालं तर अंगात घालायचं काही शिवायचं नाही. त्याचा बटवा होतो, तोही आतून पूर्ण फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, लावून, नाहीतर पदराचा तुकडा चौकटीत बसवून भिंतीवर.

आणि ती सिल्कच आहे का, हेही बघावं लागतं. काठाच्या आतून धागा काढायचा आणि चिमट्यात धरून जाळायचा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझतं आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखं जळतं. हे मी बाईसमोर करत नाही. एक काकू त्यांच्या सासूबाईंची साडी घेऊन आल्या होत्या. सासऱ्यांनी पहिल्या पगारात घेतलेली, प्युअर सिल्क, घरात तिचा केवढा मान. धाग्याचा मणी झाला. मी काही बोलले नाही. कुर्ता शिवून दिला, इस्त्री हलकी ठेवा म्हणून सांगितलं, जे रेशमालाही लागू आहे आणि पॉलिस्टरलाही.

पैठणी मी कापत नाही. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून बघा, मोर मागूनही मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरवलेला असतो आणि शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. मशीनच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर कोणी आठवडेच्या आठवडे बसून विणलेल्या त्या पदरावर चॉकने रेघ मारायला माझा हात होत नाही. अंग पार गेलं असेल तर काठ-पदर उतरवायचे आणि नव्या सिल्कला जोडायचे. आपल्या आज्या हे करतच होत्या. जीर्ण झालेल्या साडीचे काठ उसवून दुसऱ्या लुगड्याला लावणं, नऊवारीतून मुलीचा परकर-पोलका, उरलेल्यातून बाळाची कुंची, त्यातूनही उरलेल्याचं दुपटं, आणि सगळ्यात शेवटी बोहारणीला देऊन एक स्टीलचं पातेलं. त्या पातेल्यावरून होणारी घासाघीस मी लहानपणी जिन्यात बसून ऐकलेली आहे. बोहारीण साडी झटकून उजेडात धरायची, अगदी मी आता धरते तशीच.

जरीवाल्यांचंही सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. जुन्या जरीच्या साड्या रोख पैशांत घेणारे असतात, त्यांना साडीशी काही देणंघेणं नसतं. ते साडी जाळतात आणि चांदी काढतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. नखाने जरा खरवडलं आणि आत लाल रेशीम दिसलं तर जरी खरी असण्याची शक्यता बरीच. आत पांढरा धागा किंवा तांब्याची झाक दिसली, तर जरीवाला साडी तुमच्या हातात परत देतो. खरी जरी काळी पडते, कारण चांदी काळी पडतेच. त्यावर लिंबू, चिंच, टूथपेस्ट असलं काही चोळू नका. अत्तर, सेंट वगैरे साडीवर थेट मारू नका. काळसर जरी मला स्वतःला आवडते. जाकिटाच्या कॉलरला लावली तर नव्या जरीसारखी डोळ्यांत घुसत नाही. विकायची की शिवायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. घरात पैशांची नड असेल तर साडी जाळून आलेल्या पैशांत पाप काही नाही.

कापायचं नक्की झालं की खरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक जणींनी विचारातच घेतलेला नसतो. काठ कुठे जाणार?

साडीचा काठ लांबीच्या दिशेने जातो. तुम्हाला कुर्त्याच्या घेराला खाली काठ हवा असेल तर कापड आडवं फिरवावं लागतं. म्हणजे साडीचा पन्हा, तिची रुंदी, हीच कुर्त्याची उंची. पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच. खालचा काठ ठेवायचा, वरचा काठ खांद्याच्या आत जाऊ द्यायचा नाही, तो कापून बाहींना लावायचा. तीन-चार इंचांचा काठ गेला, खांद्याची आणि दुमडीची मार्जिन गेली, की हातात चाळीसच्या आसपास राहतात. उंच मुलीला गुडघ्याखाली जाणारा कुर्ता हवा असेल तर योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा वेगळा तुकडा, लावावा लागतो. मग योक कशाचा? पदराचा. पदरावरचे बुट्टे छातीवर नीट मध्यावर आले पाहिजेत आणि पदर तर नेमका खांद्यावर चोळला जाऊन विरलेला असतो. म्हणून मी आधी रद्दी पेपरवर कुर्त्याचे भाग कापते, साडी जमिनीवर पूर्ण पसरते, विरलेल्या जागांवर सुटे पैसे ठेवते आणि कागद इकडेतिकडे सरकवत बसते. नाणी कागदाखाली येता कामा नयेत. यात अख्खी दुपार जाते. या कामाचे मी पैसे लावत नाही, कारण ते कोणाला समजावून सांगायचे तेच मला कळत नाही.

काठ उभा हवा असेल, समोरच्या पट्टीला किंवा बाजूच्या कापांना, तर कापड सरळ फिरतं आणि उंचीची चिंताच नाही, साडेपाच मीटर पडलेत. मला हाच प्रकार जास्त आवडतो. बारीक काठाची म्हैसूर सिल्क अशी फारच सुंदर पडते.

इरकलीचं मात्र जपून. इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात, फासात फास अडकवून जोडलेले. विणकर त्याला कोंडी म्हणतात. त्या जोडाची रेघ हाताला लागते. कुर्त्याचा एकही भाग त्या रेषेवरून जाऊ द्यायचा नाही. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, दिसतंय मला." पण खडूने फुली मारून ठेवली हं त्यांनी, मी बघितलं. इरकलीचा तो लाल-पांढरा टोपे-टेनी पदर मी सहसा अख्खाच ठेवते, कडेला बारीक पायपिंग लावून ओढणी करते. तो तुकडे करण्याच्या लायकीचाच नाही.

शिवताना रेशीम फाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सरकतं. शिलाई शाबूत असते आणि शिलाईशेजारचे धागे बाजूला होऊन फट पडते. मुंढ्याला, पाठीला, बसताना ताण येतो तिथे. म्हणून घट्ट फिटिंग मागू नका. दोन इंच सैल घ्या आणि ताण अस्तराला सोसू द्या. अस्तर सुती, आणि आधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवलेलं. शिवल्यावर अस्तर आटलं तर वरचं रेशीम फुग्यासारखं फुगतं. सुई ११ नंबरची, नवी. टाचण्या लावल्या तर भोकं राहतात, म्हणून कच्चे टाके घालते. आणि काही करण्याआधी ओला पांढरा रुमाल काठावर दाबून बघते. गडद काठाने रुमाल रंगला तर तो कुर्ता पुढे कधीच पाण्यात घालायचा नाही, हे घेणारणीला लेखी देते. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

ठाण्यात या सगळ्याचा कडेलोट होतो पाडव्याच्या आधी. कोपिनेश्वरापासून स्वागतयात्रा निघते आणि मोटारसायकलवर नऊवारी नेसून, फेटा बांधून, काळा चष्मा लावून जाणं हे आता आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीचं स्वप्न आहे. नऊवारी नेसता येते किती जणींना? मग आजीच्या सहावारीची शिवलेली नऊवारी हवी असते. आत सुती सलवारीसारखं, वर निऱ्या बसवलेल्या, मागे काष्टा, कमरेला नाडी. दिसायला सोपं वाटतं. पण त्यात आजीची साडी आजीने चाळीस वर्षांपूर्वी नेसलेली, आणि मुलगी बुलेटवर टांग टाकणार. काष्ट्याचा जोड जिथे येतो तिथे रेशमाच्या मागे मी मांजरपाटाची चांगली तळहाताएवढी पट्टी बसवते, तिरकी कापून, म्हणजे ती ताणली जाते. आणि मुलीला माझ्यासमोर उकिडवं बसायला लावते. लाजतात, हसतात, फोनवर असतात. "काकू, इथे?" हो, इथेच. रस्त्यावर फाटण्यापेक्षा इथे फाटलेलं बरं. एकीच्या आईला हे पटलं नाही. म्हणाली, आमची मुलगी काय गाडीवर बसणार नाही. बसली. त्या रात्रीचा स्टेटस मी पाहिला, पट्टी टिकली होती.

पैशांचं स्पष्ट बोलते. अस्तरासकट कुर्त्याचे मी १८०० घेते, जाकिटाचे त्याहून जास्त. "अहो, कापड तर आमचंच आहे!" हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. राम मारुती रोडवर नवा तयार कुर्ता त्याहून स्वस्त मिळतो, नक्कीच मिळतो, तो घ्या. जुनं कापड शिवायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण नव्या थानात भोकं कुठे आहेत हे शोधावं लागत नाही. पैसे वाचवायचे म्हणून कोणी माझ्याकडे आली तर ती नाराज होऊनच जाणार. पर्यावरणाचा मोठा आव मलाही आणता येत नाही. ती साडी कपाटात पडून होती, कोणाचं काही बिघडवत नव्हती. शिवल्यावर ती अंगावर चढते, रिक्षात बसते, ऑफिसला जाते, इतकंच. पण ते मला पुरेसं वाटतं.

छोट्या वस्तूंबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. बटवे चांगले, पण नाडी ओढायची जागा सुती पट्टीची करा, रेशमात काज केलेत तर महिन्याभरात चिरतं. मोबाईलच्या स्लिंग पिशव्या चांगल्या, फक्त पट्टा साडीच्या काठाचा नको. खांद्यावर घाम येतो आणि जरी मानेला टोचते. उशांचे अभ्रे अजिबात नकोत. दिवाणखान्याच्या खिडकीशी ठेवाल, वर्षभरात एक बाजू विटेल आणि मग माझ्याकडे तक्रार आणाल. केसांचे रबरबँड चिंध्यांतून होतात, शेजारच्या मुली फुकट घेऊन जातात.

चिंध्यांना खरा भाव येतो तो भाद्रपदात. गौरींच्या साड्या, बाळाची झबली, गणपतीचं उपरणं, पाटावरची आसनं, मखरामागचा पडदा. पाऊण मीटरचा तुकडाही तेव्हा मागून नेतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडच्या गौरींना गेली काही वर्षं माझ्याकडच्या उरलेल्या काठांच्याच साड्या असतात, दरवर्षी निराळ्या. ओवशाला आलेल्या एका बाईंनी थोरल्या गौरीकडे बघून विचारलं, "अगं, हा काठ माझ्या आईच्या साडीचा ना?" होता. त्यांच्याच जाकिटातून उरलेला. मी विचारून घेतला होता बरं का. तुकडे उरले की परत हवेत का, हे मी आधी विचारते आणि दहातल्या नऊ जणी नको म्हणतात. त्या बाई मात्र ओटी भरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, म्हणाल्या, गौरी उठल्या की तो काठ मला दे.

दिला.

तर, यायचं असेल तर या. पण श्रावण संपल्यापासून दिवाळीपर्यंत नवं काम घेत नाही. साडीबरोबर तुमच्या अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता आणा, मापाला त्यापेक्षा चांगलं काही नाही. साडी घरी धुऊ नका, ड्रायक्लीन करून आणा आणि त्याआधी दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. डांबरगोळ्यांचा वास माझ्या खोलीतून आठवडाभर जात नाही. पुढच्या वेळी ठेवणार असाल तर गोळ्यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नका, साडी जुन्या मलमलीच्या धोतरात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. म्हणजे माझ्याकडे यायची वेळच येणार नाही, आणि मास्तर म्हणतील, ताई, तुम्ही धंदा बुडवणार.